अळवाचं पान आणि भिजलेलं घोंगडं

श्रवण, मनन, निदिध्यासन असा क्रम आपल्याकडे सांगितलेला आहे. ऐकलेली गोष्ट मनात घोळवत राहायची, तिच्यापाशी घाई करायची नाही, हे मनन. ते मोठ्या विषयाचंच करावं असं कुणी म्हटलेलं नाही. आज आपण ते अंगावर घालायच्या एका कापडाचं करू. पावसाळी जॅकेटचं. कोणतं कापड चांगलं, हा प्रश्न घेऊन आपण दुकानात जातो, बोटांनी चाचपतो, किंमत विचारतो, दोन मिनिटांत ठरवून मोकळे होतो आणि पुढचे चार पावसाळे त्या दोन मिनिटांपायी भिजत राहतो. म्हणून आज या प्रश्नाला सावकाश वेळ देऊ.

जवळ तीन गोष्टी असू द्या. घरातलं एखादं वापरातलं जॅकेट किंवा रेनकोट, वाटीभर पाणी आणि कुंडीत किंवा मंडईत मिळालं तर अळवाचं एक पान. घरात जुनी घोंगडी असेल तर तीही काढा.

बसा

पाठ टेकून बसलात तरी चालेल. जॅकेट मांडीवर घ्या. अजून त्याच्याकडे पाहू नका, फक्त त्याचं वजन जाणवू द्या. ते कोरडं असताना किती आहे आणि भिजल्यावर किती होतं, एवढंच आठवा.

मला हा प्रश्न नीट कुठे कळला, ते सांगतो. आपल्या छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. जुलैतल्या एका रविवारी पायऱ्या चढत असताना अर्ध्या वाटेत मोठी सर आली. धावतच वर गेलो, लेण्याच्या ओसरीत शिरलो, जॅकेट काढून बाजूला ठेवलं आणि पाऊस उघडायची वाट बघत बसलो. खाली शहर पसरलेलं होतं. बीबी का मकबऱ्याचा पांढरा घुमट सरीआड जात होता, पुन्हा दिसत होता.

माझ्या डोक्यावरचं छप्पर म्हणजे अख्खा डोंगर होता. या लेण्यांतली बरीचशी सहाव्या-सातव्या शतकातली आहेत. बौद्ध संघाचा नियम असा, की पावसाळ्याचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, भिक्षूने गावोगाव फिरायचं नाही, एका जागी राहायचं. हा वर्षावास. त्यांच्यासाठी पावसाळ्याचं एक वस्त्रही होतं. विशाखा नावाच्या उपासिकेने भिक्षूंना ते वस्त्र देण्याची परवानगी बुद्धांकडे मागितली, अशी हकीकत विनयग्रंथात येते. ते वस्त्र पावसात अंघोळ करताना नेसायचं होतं. पावसाशी वागायची ही एक रीत झाली: प्रवास थांबवायचा, आणि भिजायचं तेव्हा ठरवून भिजायचं.

आपल्याला थांबता येत नाही. पहिल्या पाळीला वाळूजच्या कारखान्यात पोचायचं असतं, मुलांना शाळेत सोडायचं असतं, घरोघर दूध घालायचं असतं. ज्याला पावसात निघावंच लागतं त्याला कापड लागतं.

तर त्या ओसरीत बसल्यावर माझं लक्ष माझ्याच शर्टाकडे गेलं. खांदे कोरडे होते. पाठ चिंब होती. पाऊस सगळ्यात जास्त खांद्यांवर पडतो. जॅकेट गळत असतं तर आधी खांदे ओले झाले असते. म्हणजे पाठीवरचं पाणी आभाळातलं नव्हतं, ते माझं होतं. कितीतरी वर्षं मी एकामागून एक रेनकोट ‘गळतो’ म्हणून टाकून दिले होते. त्यातले कितीक गळतच नसतील, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं.

तुम्हीही आठवा. शेवटचं तुम्ही पावसात भिजलात तेव्हा ओलं नेमकं कुठे झालं होतं? काखेत, पाठीवर, कोपराच्या आतल्या बाजूला? की खांद्यावर, शिवणीवर, गळ्यापाशी? या आठवणीवर थोडं थांबा. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

थेंब

आता अळवाचं पान घ्या. त्यावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब पसरत नाही. तो गोटीसारखा उभा राहतो, पान जरा कललं की घरंगळतो आणि मागे ओल ठेवत नाही. जे टिकत नाही त्याला आपण अळवावरचं पाणी म्हणतो. आज ते पाण्याच्या बाजूने न बघता पानाच्या बाजूने बघू. पानाला ते पाणी टिकायला नकोच आहे.

अळवाच्या आणि कमळाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचा थर असतो. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर तरंगतो, त्याच्याखाली हवा राहते. पाण्याला पानाला चिकटायला जागाच मिळत नाही. जर्मनीतल्या बार्थलॉट आणि नाइनहुइस या वनस्पतीशास्त्रज्ञांनी १९९७ साली कमळाच्या पानाचं हे गुपित सविस्तर मांडलं, तेव्हापासून त्याला कमळाचंच नाव मिळालं. आपल्या बायाबापड्यांनी मात्र वड्यांची पानं धुताना ते रोजच पाहिलेलं आहे.

चांगल्या जॅकेटच्या बाहेरच्या कापडावर हेच काम करणारा एक अतिशय पातळ लेप दिलेला असतो. तो कापडाची भोकं बुजवत नाही. धाग्याधाग्यावर बसतो आणि पाण्याला धाग्याशी सलगी करू देत नाही.

आता जॅकेट सरळ पसरा आणि खांद्याच्या जागी चमचाभर पाणी ओता. घाई नको. मिनिटभर नुसतं पाहा. पाण्याच्या गोट्या झाल्या आणि त्या घरंगळल्या, तर लेप शाबूत आहे. पाणी चपटं होऊन पसरलं, तर लेप थकला आहे. कापडावर गडद डाग पडला आणि तो रुंदावत गेला, तर कापड पाणी पिऊ लागलं आहे. आता हात आत घालून त्याच जागी लावा. आतून कोरडं लागतंय ना? मग जॅकेट अजून फुटलेलं नाही. फक्त त्याचं बाहेरचं पान सुकलं आहे.

घोंगडं

अळवाच्या पानाच्या दुसऱ्या टोकाला घोंगडी आहे. तिच्यावर हात ठेवा. हाताला टोचेल. ती दख्खनी मेंढीची लोकर आहे, राठ आणि बहुतेक वेळा जातीचीच काळी, रंग न दिलेली. धनगर वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतात, लोकर हाताने कातली जाते, ताण्याला चिंचोक्याची खळ देतात आणि सणगर कारागीर खड्ड्याच्या मागावर ती विणतात. कोकरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या माणसाची ती गादी आहे, पांघरूण आहे आणि डोक्यावरून खोळ करून घेतली की तीच त्याचं पावसाळी जॅकेट आहे.

लोकरीचं वागणं अळवाहून वेगळं आहे. तिच्या बाहेरच्या पापुद्र्यावर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे भुरभुर पाऊस तिच्या केसांवरून ओघळून जातो. पण बाष्प ती आत घेते. स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल पोटात घेऊनही ती हाताला ओलसर लागत नाही. आणि बाष्प शोषताना ती थोडी ऊब सोडते. रानात थंडगार वाऱ्यात उभ्या असलेल्या मेंढपाळाला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

तिची मर्यादाही आपल्या भाषेत आहे. संततधारेत घोंगडं एकदा भिजलं की ते वाळता वाळत नाही. उचललं तर जड, टांगलं तर ठिबकत राहतं, तीन दिवसांनी हात लावला तरी गार लागतं. न सुटणाऱ्या, लोंबकळत पडलेल्या कामाला आपण भिजत घोंगडं म्हणतो, ते कुणीतरी असल्या दिवसांत घरात घोंगडी वाळत घालून पाहिल्यामुळेच.

आता ही दोन्ही चित्रं मनात शेजारी ठेवा. एकीकडे पान, जे काहीच धरून ठेवत नाही. दुसरीकडे घोंगडं, जे सगळं पोटात घेतं. जगातलं प्रत्येक पावसाळी कापड या दोघांच्या मधे कुठेतरी उभं आहे. पुढे कोणत्याही कापडाला हात लावाल तेव्हा विचारा: हे पानाच्या जवळचं आहे की घोंगड्याच्या?

वीण आणि लेप

आपलं शहर कापडाचं आहे. हिमरू आणि मशरू इथे विणले गेले, पैठणी इथून जवळच्या पैठणची. त्यातल्या मशरूकडे जरा बघा. त्याच्या दर्शनी बाजूला रेशीम असतं आणि अंगाकडच्या बाजूला सूत. निव्वळ रेशीम अंगाला लागू नये असा मुस्लिम पुरुषांसाठी धर्मनियम होता, म्हणून विणकराने विणीतच तोडगा काढला: रेशमाचे धागे वर, सुताचे खाली. एकाच कापडाच्या दोन बाजूंना दोन वेगळी कामं. हा विचार लक्षात असू द्या, तो पुढे लागणार आहे.

पाऊस अडवायच्या मुख्य वाटा दोन. वीण इतकी दाट करायची की पाणी शिरू नये, किंवा कापडावर लेप द्यायचा.

दाट विणीची वाट टॉमस बर्बेरी यांनी इंग्लंडमध्ये १८७९ साली गॅबर्डिनने दाखवली. सूत आधीच जलरोधक करून मग घट्ट विणायचं. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या सुमारास, समुद्रात पडणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांसाठी व्हेंटाइल नावाचं सुती कापड वापरात आलं. लांब धाग्याच्या कापसाची वीण इतकी दाट, की ओलं झालं की सूत फुगतं आणि उरलेली भोकं स्वतःच बुजतात. कोरडं असताना हवा जाते, भिजलं की दार लागतं. मला हे कापड फार आवडतं, कारण त्यात विणीखेरीज दुसरी युक्ती नाही. पण भिजल्यावर ते ताठ आणि जड होतं, आणि वाळायला वेळ घेतं. थोडंसं घोंगड्याकडे झुकणारं.

लेपाची वाट जुनी आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंतॉश यांनी १८२३ साली दोन कापडांच्या मधे रबराचा थर चिकटवून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या दुपट्याखाली जे मेणकापड घालतात ते याच घराण्यातलं. सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली कोलकात्यात जलरोधक कापडाचा कारखाना काढला आणि त्याचा डकबॅक रेनकोट भारतभर गेला. पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांना शाळेतल्या त्या रेनकोटचा रबरी वास आजही आठवत असेल. बदकाच्या पाठीवरून पाणी ओघळतं तसं, हा त्या नावाचा अर्थ.

आज पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेला जे रेनकोट टांगलेले असतात त्यांत साधारण दोन जाती दिसतात. एक पीव्हीसीचा, जाड आणि गुळगुळीत, हाताला प्लास्टिक लागणारा. त्यातून पाण्याचा थेंब जात नाही आणि घामाचं बाष्पही जात नाही. स्वस्त असतो, पण जुना झाला की घडीवर तडकतो. दुसरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा, आतून पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, लेप दिलेला. हलका, घडी लहान होणारा. तुमचा रेनकोट उलटा करून पाहा. आतली बाजू चकचकीत किंवा रबरासारखी लागली, तर हा लेप आहे.

धाग्याचाही फरक असतो. नायलॉन घासण्याला जास्त टिकतो, पण थोडं पाणी पितो. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ घेतच नाही, म्हणून लवकर वाळतो आणि भिजल्यावर सैलावत नाही. पाठीवर सॅक घेऊन डोंगर चढणाऱ्याने नायलॉन घ्यावा, गाडीवरून रोज ये-जा करणाऱ्याला पॉलिएस्टर पुरतो.

पडदा

आता थेंब अडवून बाष्प सोडणाऱ्या कापडाकडे येऊ. रॉय प्लंकेट यांना १९३८ साली अमेरिकेत एका प्रयोगात पीटीएफई हा पदार्थ अवचित सापडला. आपण त्याला तव्यावरचं टेफ्लॉन म्हणून ओळखतो. १९६९ साली बॉब गोर यांनी त्याची तापवलेली कांडी हळूहळू न ताणता एकदम झटक्याने ओढली. ती तुटली नाही, कितीतरी पट ताणली गेली आणि तिच्यात अब्जावधी सूक्ष्म छिद्रं तयार झाली. गोरटेक्सचा पडदा तो हाच. त्यातलं छिद्र पाण्याच्या थेंबाच्या मानाने हजारो पटींनी लहान, पण बाष्पाच्या रेणूच्या मानाने शेकडो पटींनी मोठं असतं. थेंब बाहेर अडतो, बाष्प बाहेर जातं.

हा पडदा नाजूक असतो, म्हणून तो एकटा वापरत नाहीत. बाहेर मजबूत नायलॉन, मधे पडदा, आत मऊ जाळीदार अस्तर, असे तीन थर एकमेकांना चिकटवतात. मशरू आठवला का? एका कापडाला अनेक कामं वाटून द्यायची हीच ती कल्पना. पीयूचेही असे पडदे निघाले आहेत. काहींत छिद्रं असतात. काहींत नसतात, पण बाष्प त्या पदार्थातूनच झिरपत पलीकडे जातं.

जॅकेटच्या चिठ्ठीवर दोन आकडे असतात. पहिला मिलिमीटरमध्ये, उदाहरणार्थ १०,०००. त्याचा अर्थ, त्या कापडावर १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत येत नाही. डोळे मिटा आणि तीन मजली घराएवढी उंच पाण्याची नळी मनात उभी करा. एवढा दाब पावसाचा थेंब सहसा देत नाही. मग एवढी क्षमता कशाला? कारण सॅकचा पट्टा खांद्यावर दाबतो. वाऱ्याविरुद्ध धावणारी गाडी थेंब छातीवर आपटवते. आणि ओल्या सीटवर बसलेल्या माणसाचं वजन पँटच्या एवढ्याशा जागेवर येतं. दुचाकीवाल्याची पँट आधी बैठकीलाच का भिजते, याचं उत्तर या आकड्यात आहे.

दुसरा आकडा बाष्पाचा. तोही १०,००० असला, तर एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत १०,००० ग्रॅम बाष्प जातं असा त्याचा अर्थ. तासाला भागून बघा: सुमारे ४१७ ग्रॅम. तेही प्रयोगशाळेत. कष्टाची चढण चढणारा माणूस तासाला लिटरभर घाम गाळू शकतो. हिशेब तिथेच कळतो. अंगातून निघणारं सगळं पाणी कोणतंही कापड एकट्याच्या बळावर बाहेर काढू शकत नाही.

श्वास

इथे थांबा. तळहात तोंडासमोर धरा आणि उघड्या तोंडाने सावकाश श्वास सोडा. हात किंचित ओलसर झाला ना? हे पाणी तुमच्या अंगातून सतत निघत असतं, पाऊस असो वा नसो.

ते कापडातून बाहेर जायला एक ओढ लागते. आत दमट आणि बाहेर कोरडं असेल, तर बाष्प आपण होऊन बाहेर जातं. बाहेरही तितकंच दमट असेल तर ते जागीच राहतं. हिमालयात शून्य अंशाला बाहेरच्या हवेत बाष्प फारच थोडं असतं, त्यामुळे जॅकेटच्या आतलं ३२ अंशांचं ओलं वातावरण जोराने बाहेर ओढलं जातं. आपल्याकडे ऑगस्टच्या सरीत बाहेर २४ अंश असतं आणि हवा बाष्पाने काठोकाठ भरलेली असते. हिशेब मांडला तर ती ओढ निम्म्याच्याही खाली येते. त्यातच बाहेरचा लेप थकून कापड पाणी पिऊन बसलं असेल, तर पडद्याच्या वर पाण्याचाच एक थर होतो आणि बाष्पाची वाट बंद होते. मग आतली ओल थंड होऊन अस्तराला चिकटते आणि आपण म्हणतो, जॅकेट गळलं.

म्हणून महागडं जॅकेट आपल्या पावसात हिमालयातल्यासारखं चालत नाही. त्यात कापडाची लबाडी नाही. ते जिथल्यासाठी घडवलं तिथे ते चांगलंच काम करतं.

मग आपण काय करावं? जुनं उत्तर इरल्यात आहे. कोकणात आणि मावळात लावणी करणारी बाई वाकून उभी राहते आणि बांबूच्या कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं इरलं पाठीवर घेते. पाणी वरून ओघळतं, आणि इरल्याच्या आणि पाठीच्या मधून वारा खेळतो. त्याला श्वास घ्यायला पडदा लागत नाही, कारण ते अंगाला चिकटलेलंच नाही. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरीला निघालेला वारकरीही सर आली की प्लास्टिकचा कागद डोक्यावरून खाली सोडतो, पुढून मोकळा ठेवतो आणि चालत राहतो. कागद पूर्ण जलरोधक आहे, त्यातून बाष्प कणभरही जात नाही, तरीही चालणारा माणूस आत उकडत नाही. हवा बाजूने जाते.

आपल्या उष्ण, दमट पावसात अंगाला कोरडं ठेवण्याचं मोठं काम हवा करते. कापड फक्त वरून येणारं पाणी अडवतं. काखेतली चेन, पाठीवरच्या पट्टीआडची जाळी, सैल बाही, उघडता येणारा गळा, हे सगळे त्या इरल्याचेच अंश आहेत. दुकानात जॅकेट हातात घ्याल तेव्हा ते आधी शोधा.

शिवण

आता जॅकेट उलटं करा आणि खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवा. प्रत्येक टाका म्हणजे सुईने पाडलेलं एक भोक. कापड कितीही चांगलं असो, या भोकांतून पाणी दोऱ्याच्या आधाराने आत येतं. म्हणून चांगल्या जॅकेटला आतून शिवणीवर उष्णतेने चिकटवलेली पट्टी असते. ती सगळ्या शिवणींवर आहे का, की फक्त खांद्यावर आणि गळ्यावर? कुठे सुटून वर आली आहे का? बोटाला कळेल.

आणि पँटची मधली शिवण बघा, जिथे चारही तुकडे येऊन मिळतात. नगर नाका ओलांडून वाळूजकडे जाताना पाणी माझ्या अंगाला पहिल्यांदा लागायचं ते तिथेच. त्या जागी जाड पट्टी असलेला रेनकोट मिळाल्यापासून मला शिफ्टभर ओल्या कपड्यांत बसावं लागलेलं नाही. कापडाच्या जातीपेक्षा त्या चार बोटांच्या पट्टीने माझं जास्त भलं केलं.

निवड

आता सगळं पुन्हा मनात आणा: पान, घोंगडं, मशरू, पडदा, श्वास, इरलं, शिवण. आणि स्वतःला विचारा, मी पावसात काय करतो? किती चालतो? किती बसतो? शेवटी कोरडं व्हायला मला छप्पर मिळतं की नाही?

रोज गाडीवर अर्धा-पाऊण तास जायचं असेल, तर पीयूचा लेप असलेला, पूर्ण शिवणीवर पट्टी असलेला, चेनवर दुहेरी झाकण असलेला, जरा सैल सूट पुरेसा आहे. इथे घाम कमी आणि वारा जास्त असतो, म्हणून श्वासाच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. पीव्हीसीही चालेल, पण दरवर्षी घड्या तपासाव्यात.

पावसात म्हैसमाळला फिरायचं किंवा कळसूबाई, हरिश्चंद्रगड चढायचा असेल, तर चढताना भिजणारच, हे आधी मान्य करावं. अंगाला लगेच वाळणारं पॉलिएस्टर घालावं, सुती बनियन नको, कारण सुती कापड भिजलं की लहानसं घोंगडंच होतं. वर काखेत चेन असलेलं हलकं जॅकेट किंवा सैल पोंचो घ्यावा आणि चढताना जमेल तेवढं उघडं ठेवावं. कोरडे कपडे आणि एक लोकरी बनियन पिशवीत बांधून ठेवावी, थांबल्यावर घालायला. माणूस गारठतो तो थांबल्यावर.

हिमालयात जायचं असेल, तर तीन थरांच्या पडद्याचं जॅकेट घ्यावं. तिथे हवा कोरडी आणि थंड असते, पडद्याला त्याची ओढ मिळते आणि त्या पैशाचं चीज होतं.

आणि कुठे जायचंच नसेल, ओसरीत बसून पाऊस बघायचा असेल, तर घोंगडीसारखं दुसरं काही नाही.

सांभाळ

शेवटचा थोडा वेळ काळजीपाशी घालवू. अळवाचं पान जुनं झालं तर नवं येतं. कापडावरचा लेप झिजतो, त्याला आपणच सांभाळावं लागतं. धूळ, तेलकट हात आणि धुण्याच्या पावडरचा उरलेला अंश यांनी तो झाकला जातो. म्हणून जॅकेट थोड्याशा द्रवरूप साबणाने धुवावं, दोनदा खळबळून काढावं आणि सॉफ्टनर अजिबात वापरू नये. वाळल्यावर, आतल्या चिठ्ठीवर परवानगी असेल तर, वर पातळ कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. उबेने लेप पुन्हा जागा होतो. इस्त्रीनंतर वाटीतलं पाणी पुन्हा टाकून पाहा. गोट्या परत आलेल्या दिसल्या, की दूरगावी गेलेलं माणूस घरी परतल्यासारखा आनंद होतो.

हे लेप बरीच वर्षं फ्लोरिनयुक्त रसायनांचे होते. ती निसर्गात विघटित होत नाहीत, पाण्यात आणि माणसाच्या रक्तातही साचून राहतात. म्हणून कॅलिफोर्नियाने २०२५ पासून आणि फ्रान्सने २०२६ पासून कपड्यांतल्या त्यांच्या वापरावर बंदी आणली आहे. नवे लेप पाणी चांगलं उडवतात, पण तेल आणि मळ कमी उडवतात, त्यामुळे त्यांना जास्त वेळा धुवावं लागतं. आपल्या नद्या, आपल्या विहिरी डोळ्यांसमोर आणल्या, तर एवढी धुलाई मला जड वाटत नाही.

आणि पीयूचा आतला लेप ओलाव्याने आणि उकाड्याने मरतो. ओला रेनकोट गाडीच्या डिकीत घडी करून दिवसेंदिवस ठेवला की तो आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात आणि कुबट वास येतो. बरेच रेनकोट पावसात मरत नाहीत, डिकीत मरतात.

आता मांडीवरचं जॅकेट उचला. आधी नुसतं वजन जाणवलं होतं, आता त्यात काय काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. एवढं एकच करा: उद्या पावसातून घरी पोचलात की ते घडी करून ठेवू नका. उलटं करा, खुंटीला टांगा, आणि त्याची आतली बाजू पूर्ण वाळू द्या.